विकत घेतलेल्या प्रणाली आणि त्यांमधील सांधे : भारतीय बँकांच्या संगणकीकरणाचा एक अभ्यास (१९८४ ते २०२४)

प्रास्ताविक

कोणत्याही मोठ्या संस्थेत एकाच वेळी अनेक संगणकप्रणाली काम करीत असतात. त्यांपैकी कोणती प्रणाली कोणते काम करते, कोणती नोंद प्रथम कोठे होते, तेथून ती पुढे कोठे जाते आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी कोणावर असते, या सर्वांची सुसंगत मांडणी म्हणजे त्या संस्थेची प्रणालीरचना होय. व्यवस्थापनशास्त्रात तिला ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ असे नाव आहे. या विषयावरील बरेचसे लेखन संस्था आपल्या प्रणाली स्वतः घडवते, असे गृहीत धरून झालेले दिसते. व्यवहारात मात्र बहुतेक कंपन्या व वित्तीय संस्था आपले सॉफ्टवेअर तयार स्वरूपात विकत घेतात आणि त्यात आपल्या गरजेपुरते फेरफार करून घेतात. अशा संस्थेला प्रणालीच्या अंतर्गत रचनेत फारसा हात घालता येत नाही. तिच्या अखत्यारीत उरतो तो दोन तयार प्रणालींमधील सांधा; आणि हा सांधा कोणत्याही विक्रेत्याच्या दरपत्रकात स्वतंत्रपणे दाखविलेला नसतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भारतीय बँकांच्या, विशेषतः सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या, अनुभवाच्या आधारे केला आहे. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांचे याहून मोठे व सलग उदाहरण आपल्याकडे क्वचितच आढळेल. शिवाय या इतिहासातील अनेक निर्णायक घटना मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे घडलेल्या असल्यामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकांना त्या अधिक जवळच्या आहेत.

घडवणाऱ्यांची परंपरा

१९६० च्या दशकात सॉफ्टवेअर ही बहुधा यंत्राबरोबर मिळणारी वस्तू होती. दि. २३ जून १९६९ रोजी आयबीएम या अमेरिकी कंपनीने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची किंमत वेगळी आकारण्याचा निर्णय जाहीर केला आणि तयार सॉफ्टवेअरच्या बाजाराला खरी चालना मिळाली. योगायोगाचा भाग असा की, त्यानंतर महिनाभरातच, दि. १९ जुलै १९६९ रोजी, भारतात चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तथापि, पुढील तीन दशकांत पहिल्या घटनेतून उभा राहिलेला बाजार आणि दुसऱ्या घटनेतून विस्तारलेल्या बँका समोरासमोर येणार होत्या.

१९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी जर्मनीत सॅप ही कंपनी स्थापन केली. एकाच संस्थेसाठी प्रणाली लिहिण्याऐवजी अनेक संस्थांना चालेल अशी एकच प्रणाली तयार करावी, ही तिच्यामागील कल्पना. याउलट, प्रणालीरचनेचे शास्त्र मात्र घडवणाऱ्यांच्या अनुभवातून वाढले. आयबीएममध्येच कार्यरत असलेल्या जॉन झॅकमन यांचा १९८७ मधील निबंध हा या शास्त्राचा आरंभबिंदू मानला जातो. त्यांनी इमारतीचा वास्तुविशारद आणि विमानाचा अभियंता यांच्या आराखड्यांशी माहितीप्रणालीची तुलना केली. मालकाला दिसणारे घर, वास्तुविशारदाला दिसणारे घर आणि गवंड्याला दिसणारे घर अशा निरनिराळ्या पातळ्यांचे आराखडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. ही उपमा प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु तयार सदनिका विकत घेणाऱ्याला गवंड्याच्या आराखड्याचा कितपत उपयोग? त्याला शेजारच्या सदनिकेशी भिंत कोठे जोडलेली आहे आणि पाण्याची नळी कोठून येते, हे कळणे अधिक महत्त्वाचे असते.

१९९८ मध्ये टॉमस डेव्हनपोर्ट यांनी संस्थाव्यापी तयार प्रणालींवर लिहिलेल्या निबंधात यातील एक बाजू स्पष्ट केली. तयार प्रणाली आपल्यासोबत व्यवहाराचे स्वतःचे तर्कशास्त्र घेऊन येते आणि ते संस्थेवर लादते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अनेक तयार प्रणाली एकाच संस्थेत शेजारीशेजारी आल्या, तर त्यांच्या मधल्या जागेचे तर्कशास्त्र कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर भारतीय बँकांच्या इतिहासात शोधावे लागते.

खतावणीचा काळ आणि पहिली यंत्रे

संगणकपूर्व बँकशाखेतील लेखनव्यवहार आज अनेकांच्या स्मरणातून गेला आहे. म्हणून तो थोडा विस्ताराने नोंदविणे आवश्यक वाटते. ग्राहकाने दिलेली चिठ्ठी अथवा धनादेश प्रथम खतावणीत उतरला जाई. लिपिकाने केलेली नोंद अधिकारी तपासून तीवर आद्याक्षरी करी. दिवसाच्या अखेरीस प्रत्येक विभागाच्या चिठ्ठ्यांच्या बेरजा रोजकीर्दीत येत, रोजकीर्दीतून त्या सर्वसाधारण खतावणीत जात आणि शेवटी तेरीज जुळवली जाई. रोखपालाची शिल्लक व पुस्तकातील शिल्लक जुळल्याशिवाय शाखेचा दिवस संपत नसे. हमी किंवा पतपत्र दिले गेले असता, रक्कम प्रत्यक्ष हातातून गेलेली नसली तरी, बँकेच्या संभाव्य दायित्वाची नोंद पुस्तकात करणे बंधनकारक असे. म्हणजेच एका विभागाचे काम दुसऱ्या विभागाच्या पुस्तकात पोहोचविण्याचा सांधा हा त्या पद्धतीत माणूस होता. त्याला पदनाम होते, त्याची सही होती आणि चूक झाल्यास उत्तर त्यालाच द्यावे लागे.

या पद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. खतावण्यांची शिल्लक महिनोन्महिने जुळलेली नसणे आणि एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेल्या रकमांचा ताळमेळ वर्षानुवर्षे रखडलेला असणे, हे त्या काळातील बँकव्यवसायाचे जुने दुखणे होते. १९९२ मधील रोखे घोटाळ्यात बँकांच्या पावत्या आणि रोख्यांच्या हस्तलिखित नोंदी यांच्यामधील अंतराचाच गैरफायदा घेतला गेला होता. माणूस हा सांधा असला की तो थकतो, विसरतो आणि क्वचित विकलाही जातो.

या पार्श्वभूमीवर रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ मध्ये यांत्रिकीकरणाविषयीचा अहवाल सादर केला. शाखांत खतावणीची नोंद करणारी यंत्रे, प्रादेशिक पातळीवर लहान संगणक आणि मुख्य कार्यालयात मोठा संगणक, अशी तिची साधारण योजना होती. त्याच्या आदल्याच वर्षी इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाच्या मर्यादांविषयी करार झाला होता. नोकऱ्या जाण्याची भीती खरी होती व तिची दखल घेणे भाग होते. शाखांत आलेल्या यंत्राला संगणक न म्हणता ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ असे लांबलचक नाव मिळाले, त्यामागे हीच नाजूक परिस्थिती होती. नावात काय आहे, असे म्हणण्याची सोय येथे नाही, कारण नावानुसारच त्या यंत्राचे काम ठरले. ते खतावणीची नोंद करीत असे; शाखेतील इतर विभागांशी किंवा इतर शाखांशी त्याचा संबंध नव्हता. रंगराजन यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने १९८९ मध्ये संगणकीकरणाची अधिक व्यापक दिशा सुचविली.

ऐतिहासिकदृष्ट्या पाहता, १९८४ च्या योजनेत सांध्याचा विचार निश्चितच होता. शाखा, प्रदेश व मुख्य कार्यालय या तीन पायऱ्या एकमेकींना माहिती पुरवतील, असे तिच्यात अभिप्रेत होते. प्रत्यक्षात पहिली पायरी बांधली गेली आणि उरलेल्या दोन पायऱ्यांपर्यंतची माहिती बराच काळ कागदावरूनच जात राहिली.

बेटांपासून मध्यवर्ती प्रणालीकडे

१९९० च्या दशकात संपूर्ण शाखा संगणकीकृत करण्याचे धोरण आले. प्रत्येक शाखेत स्वतंत्र सर्व्हर आणि त्यावर विकत घेतलेली प्रणाली अशी ही व्यवस्था होती. भारतीय स्टेट बँकेने आपल्या शाखांसाठी आयर्लंडमधील किंडल या कंपनीची ‘बँकमास्टर’ ही प्रणाली घेतली. इतर बँकांनी निरनिराळ्या विक्रेत्यांकडून निरनिराळ्या प्रणाली घेतल्या. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९८ मध्ये बँकांचा सत्तर टक्के व्यवसाय दि. १ जानेवारी २००१ पूर्वी संगणकावर आणण्याचे निर्देश दिले, तेव्हा या खरेदीला वेग आला. दक्षतेच्या कारणासाठी संगणकीकरणाची मुदत ठरावी, ही बाब लक्षणीय आहे. परंतु मुदत टक्केवारीची होती. किती व्यवसाय संगणकावर आला, हे मोजले गेले. एका संगणकावरील नोंद दुसऱ्या संगणकाला कळते काय, हे त्या मोजमापात येत नव्हते. शाखा संगणकीकृत झाली तरी ग्राहक त्या एका शाखेचाच राहिला.

याच काळात विक्रेत्यांच्या बाजूने एक विलक्षण घडामोड चालू होती. सिटीबँकेच्या समूहाने १९८५ मध्ये मुंबईच्या अंधेरी भागातील सीप्झमध्ये एक सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली होती. तिच्यातूनच १९९२ मध्ये सिटिल ही दुसरी कंपनी निघाली. सिटिलची ‘मायक्रोबँकर’ ही प्रणाली अनेक देशांत विकली गेली. पुढे ‘फ्लेक्सक्यूब’ ही प्रणाली आली. २००० मध्ये सिटिलचे नाव आय-फ्लेक्स झाले आणि २००५ मध्ये सिटीसमूहाचा हिस्सा ओरॅकल या अमेरिकी कंपनीने विकत घेतला. बेंगळुरूच्या इन्फोसिसने ‘फिनॅकल’ विकसित केली. भारतीय स्टेट बँकेने निवडलेली मध्यवर्ती प्रणाली मात्र मूळ ऑस्ट्रेलियातील एफएनएस या कंपनीची होती. ती बसविण्याचे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे होते आणि २००५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने एफएनएस हीच कंपनी विकत घेतली. अशा रीतीने ‘टीसीएस बॅन्क्स’, ‘फिनॅकल’ आणि ‘फ्लेक्सक्यूब’ या तीन नावांभोवती भारतीय बँकांचे मध्यवर्ती संगणकीकरण, म्हणजेच कोअर बँकिंग, गोळा झाले. सॉफ्टवेअरच्या निर्यातीसाठी ज्या देशाचा गौरव होत होता, त्या देशातील बँका स्वतःसाठी सॉफ्टवेअर घडवीत नव्हत्या, तर विकत घेत होत्या. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सातत्याने बदलणारी प्रणाली स्वतः लिहून ती वीस वर्षे सांभाळणे हा बँकेचा व्यवसाय नव्हे, आणि त्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता.

स्टेट बँकेने २००३ च्या सुमारास हे स्थलांतर सुरू केले आणि २००८ पर्यंत आपल्या सर्व शाखा, दहा हजारांहून अधिक, एकाच मध्यवर्ती प्रणालीवर आणल्या. नवी मुंबईतील बेलापूर येथील केंद्र या व्यवस्थेचा कणा बनले. २००४ मधील आरटीजीएस आणि २००५ मधील एनईएफटी या रिझर्व्ह बँकेच्या सेवांनी उरलेल्या बँकांनाही त्याच दिशेने नेले. ग्राहक शाखेचा न राहता बँकेचा झाला, हे या कालखंडाचे खरे यश होय. ज्या निवृत्तिवेतनधारकाला गाव बदलल्यावर खाते हलविण्यासाठी अर्ज करावा लागत असे, त्याला या बदलाचे मोल सांगावे लागत नाही.

सांध्यातील फट

कोअर बँकिंगमुळे बँकेची सर्व पुस्तके एका ठिकाणी आली, असा समज या काळात रूढ झाला. वस्तुतः ठेवी, कर्जे व सर्वसाधारण खतावणी ही पुस्तके एका ठिकाणी आली. परदेशी बँकांना संदेश पाठविणारी स्विफ्टची यंत्रणा, एटीएमचे व्यवहार मंजूर करणारा स्विच, गुंतवणूक विभागाची प्रणाली, कर्जप्रस्तावांची प्रणाली, यांपैकी प्रत्येक वस्तू वेगळ्या वेळी, वेगळ्या निविदेने, बहुधा वेगळ्या विभागाच्या मागणीवरून घेतली गेली. निविदेत प्रत्येक वस्तूचे गुण तपासले गेले असतील. दोन वस्तूंच्या मधील व्यवहाराची जबाबदारी मात्र एका कोणाची आहे, असे सहसा दिसत नाही. हस्तलिखित पद्धतीत जो सांधा माणसाच्या रूपाने दिसत होता, तो येथे अदृश्य झाला.

दि. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतील एका शाखेत सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे संशयास्पद व्यवहार आढळल्याचे शेअर बाजारांना कळविले. हा आकडा पुढे आणखी वाढला. फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस ही ती शाखा. या प्रकरणाची न्यायालयीन बाजू हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. विचारात घ्यावयाची आहे ती केवळ नोंदींची वाट. बँकेच्या तक्रारीनुसार, हिरे व्यापाराशी संबंधित कंपन्यांसाठी स्विफ्टवरून हमीपत्रे पाठविली गेली. त्यांच्या भरवशावर इतर भारतीय बँकांच्या परदेशी शाखांनी त्या कंपन्यांना कर्जे दिली. आणि या हमीपत्रांची नोंद कोअर बँकिंग प्रणालीत झालीच नाही. स्विफ्ट आपल्या जागी व्यवस्थित चालू होती. तिने अधिकृत संकेतशब्दाने आलेला संदेश अधिकृत रीतीने पोहोचविला. फिनॅकलही आपल्या जागी व्यवस्थित चालू होती. तिच्याकडे नोंद आलीच नाही, म्हणून रोजची तेरीज जुळत राहिली. दोन्ही प्रणाली जगन्मान्य होत्या आणि दोन्हींत दोष आढळला नाही. दोष होता तो त्यांच्या मधे. स्विफ्टवर जाणारा प्रत्येक संदेश कोअर बँकिंगमधील नोंदीतूनच निर्माण व्हावा, अशी जोडणी तेथे नव्हती. ती जागा पूर्वीप्रमाणे माणसानेच भरावयाची होती. फरक इतकाच की, खतावणीच्या काळात त्याच्यावर असलेली दुसऱ्या टेबलाची नजर आता उरली नव्हती.

हा धोका अज्ञात होता, असेही म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून बनावट स्विफ्ट संदेशांद्वारे ८.१ कोटी डॉलर काढून नेले गेले होते. ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना किमान तीन वेळा स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराविषयी सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने २० फेब्रुवारी २०१८ च्या निवेदनात नमूद केले. त्यानंतर जोडणीसाठी सक्तीची मुदत ठरवून देण्यात आली, १३ मार्च २०१८ रोजी व्यापारी कर्जासाठीची ही हमीपत्रेच बंद करण्यात आली आणि मार्च २०१९ मध्ये स्विफ्टविषयक नियमांचे पालन न केल्याबद्दल ३६ बँकांना एकूण ७१ कोटी रुपयांचा दंड झाला. छत्तीस ही संख्या बोलकी आहे. फट एका शाखेतील वा एका बँकेतील असती, तर दंडाची यादी इतकी लांबली नसती.

त्याच वर्षी पुण्यात घडलेली घटना दुसऱ्या सांध्याशी निगडित आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशी मिळून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले गेले. एटीएमवर कार्ड घातल्यानंतर खात्यात रक्कम आहे काय, हा प्रश्न स्विचमार्फत कोअर बँकिंगला विचारला जाणे अपेक्षित असते. हल्लेखोरांनी मधे एक बनावट स्विच उभा केला. प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत न जाता त्या बनावट स्विचनेच होकार दिला आणि अनेक देशांतील एटीएममधून पैसे निघत राहिले. दुसऱ्या टप्प्यात स्विफ्टमार्गे हाँगकाँगमधील एका खात्यात रक्कम पाठविली गेली. येथेही ठेवीदारांच्या खात्यांची मूळ पुस्तके शाबूत होती. त्यांना विचारण्यात आलेच नव्हते, एवढेच.

दोन घटनांतील कार्यपद्धती भिन्न आहे. एकीत आतील माणसांवर आरोप आहे, दुसरीत बाहेरचे हल्लेखोर आहेत. त्यामुळे त्यांची सरसकट तुलना करणे योग्य ठरणार नाही. तथापि, मध्यवर्ती पुस्तकाला वळसा घालता येतो, ही गोष्ट दोहोंत समान आहे. संस्थेने प्रणाली विकत घेतल्यावर तिचे प्रमुख लक्ष विकत घेतलेल्या वस्तूवर राहते, तर संधिसाधूचे लक्ष वस्तूंच्या मधल्या जागेवर असते.

विलीनीकरणाची पत्रिका

सांध्याचा दुसरा, अधिक शांत परिणाम बँकांच्या विलीनीकरणात दिसतो. १९९३ मध्ये न्यू बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली, तेव्हा दोन बँकांच्या खतावण्या, माणसे व सेवाज्येष्ठता यांचा मेळ घालणे हा प्रश्न होता; संगणकप्रणालीचा प्रश्न गौण होता. दि. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका भारतीय स्टेट बँकेत विलीन झाल्या, तेव्हा परिस्थिती पूर्णपणे पालटली होती. स्टेट बँक समूहाने आरंभीच एकच मध्यवर्ती प्रणाली घेतली होती, त्यामुळे हे विलीनीकरण तांत्रिकदृष्ट्या सुकर झाले.

दि. ३० ऑगस्ट २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दहा सरकारी बँकांचे चार बँकांत विलीनीकरण जाहीर केले, तेव्हा एकत्र येणाऱ्या बँकांची मध्यवर्ती प्रणाली समान आहे, हा मुद्दा समर्थनार्थ मांडण्यात आला. पंजाब नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड या बँका फिनॅकलवर. युनियन, आंध्र व कॉर्पोरेशन याही फिनॅकलवर. कॅनरा व सिंडिकेट या फ्लेक्सक्यूबवर. इंडियन व अलाहाबाद या बॅन्क्सवर. सोयरीक जमविताना पत्रिकेतील गुण पाहावेत, तसा हा गुण पाहिला गेला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी खरेदी समितीने घेतलेला निर्णय आता बँकांचे अस्तित्व कोणात मिसळावे, यावर प्रभाव टाकीत होता. निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांना आपण वारस ठरवीत आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

परंतु गुण जुळले म्हणजे संसार आपोआप लागत नाही. बँक ऑफ बडोदा, विजया बँक व देना बँक या तिन्ही बँका फिनॅकल वापरत होत्या. त्यांचे विलीनीकरण दि. १ एप्रिल २०१९ रोजी अमलात आले. शाखांचे प्रणालीदृष्ट्या एकत्रीकरण मात्र डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण झाले आणि विजया व देना यांचे जुने आयएफएस संकेतांक १ मार्च २०२१ पासून बंद झाले. मधल्या काळात करोनाची साथ होती, हे विसरून चालणार नाही. तरीही सुमारे दोन वर्षांचा हा अवधी विचार करावयास लावतो. एकाच विक्रेत्याची प्रणाली दोन बँकांनी घेतली, तरी ठेवयोजनांचे संकेतांक, ग्राहक क्रमांकांची पद्धत, व्याजाचे गणित आणि भोवती जोडलेल्या लहानमोठ्या प्रणाली प्रत्येक बँकेच्या स्वतःच्या असतात. समान वस्तू विकत घेणे आणि समान रचना असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विलीनीकरणाच्या घोषणेत पहिली दिसते, तर शाखेतील कर्मचाऱ्याला शनिवार-रविवार बसून दुसरी निस्तरावी लागते.

नियम, नोंद आणि भाड्याची प्रणाली

आणखी एक सांधा तंत्राचा नसून कायद्याचा आहे. कर्जखाते अनुत्पादक केव्हा ठरते, हे रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो. त्याची अंमलबजावणी प्रणालीने करावी, अशी सूचना ऑगस्ट २०११ मध्ये दिली गेली होती. सप्टेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला पुन्हा परिपत्रक काढावे लागले, कारण अनेक बँकांत हे वर्गीकरण हाताने केले जात असल्याचे आणि प्रणालीने दिलेले उत्तर हाताने बदलले जात असल्याचे तिला आढळले होते. पूर्ण स्वयंचलनासाठी ३० जून २०२१ ही मुदत देण्यात आली. मध्यवर्ती प्रणाली येऊन बराच काळ लोटल्यानंतरही बँकेच्या नफ्यातोट्यावर थेट परिणाम करणारी ही नोंद माणसाच्या हाती राहिली होती. त्याचे कारण केवळ तांत्रिक मानणे भाबडेपणाचे ठरेल. काही सांधे उघडे राहतात, कारण ते उघडे असण्यात कोणाची तरी सोय असते.

या दिशेने नियामकाची दृष्टीही हळूहळू बदलत गेली. माहिती सुरक्षेविषयीच्या जी. गोपालकृष्ण कार्यगटाच्या अहवालावर आधारित २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत माहितीचा संस्थाव्यापी नमुना आणि सामाईक शब्दकोश ठेवण्याचा विचार आला. एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचे सविस्तर निर्देश निघाले. सेवा बाहेरून घेतली तरी तिची जबाबदारी बँकेच्या संचालक मंडळाचीच राहते, हे त्यांचे सूत्र आहे.

मोठ्या बँकेला हे सूत्र पाळण्यासाठी माणसे नेमता येतात. जिल्हा सहकारी बँका, नागरी सहकारी बँका आणि ग्रामीण बँका यांची स्थिती निराळी आहे. त्यांपैकी अनेकांनी प्रणाली विकत न घेता भाड्याने घेतलेली असते. सर्व्हर, सॉफ्टवेअर आणि देयक यंत्रणेशी असलेली जोडणी हे सर्व सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या ताब्यात असते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व भारतीय स्टेट बँक यांनी मिळून उभारलेली सी-एज ही अशीच एक सेवा पुरविणारी कंपनी. जुलै २०२४ च्या अखेरीस तिच्या प्रणालीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ३१ जुलै रोजी त्या कंपनीची देयक यंत्रणेशी असलेली जोडणीच तोडली. सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार थांबले. या बँकांच्या स्वतःच्या खात्यांत काही बिघडलेले नव्हते, जोडणी तोडण्याचा निर्णय त्यांचा नव्हता आणि ती पुन्हा जोडण्याचा अधिकारही त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट रोजी, आवश्यक तपासणीनंतर ती जोडणी पूर्ववत करण्यात आली.